मांसपाक, ग्रामीण महाराष्ट्रातील

प्राण्याच्या स्नायुमांसाखेरीज आतडी, जठर, काळीज, फुप्फुस, मेंदू, डोके, पाय, रक्त इ. भाग, तसेच मृत जनावरांचे आणि उंदीर, घोरपड यांसारख्या सर्वत्र न खाल्ल्या जाणाऱ्या प्राण्यांचे मांस शिजविण्याची व टिकविण्याची ग्रामीण महाराष्ट्रातील परंपरा. आतडी व जठर यांना वजडी किंवा वजरी, शिजविलेल्या रक्ताला रक्ती, डोक्याला मुंडी आणि सुकविलेल्या मांसाच्या पट्ट्यांना चान्या म्हणतात. या परंपरेचा इतिहास जितका चवीचा व काटकसरीचा आहे, तितकाच तो वाटणीचाही आहे. प्राण्याचा कोणता भाग कोणाच्या वाट्याला यावा, हे रूढीने ठरत असे आणि त्या वाट्यावरून खाणाऱ्याची समाजातील पायरीही ठरविली जाई.

प्राचीन उल्लेख : या प्रकारचे मांस मुळापासूनच हीन मानले जात होते, असे दिसत नाही. कल्याणी (सध्याचे कर्नाटकातील बसवकल्याण) येथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास अथवा अभिलषितार्थचिंतामणी या संस्कृत ग्रंथात (सु. ११३०) राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन आहे. या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग मोडत असे आणि महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, असा उल्लेखही या ग्रंथात आढळतो. त्याच्या अन्नभोगविषयक प्रकरणात काळीज निखाऱ्यावर भाजणे, आतड्यांचे पदार्थ करणे, रक्त घालून मांस शिजविणे यांबरोबरच कासव, खेकडे आणि शेतात राहणारे काळे उंदीर यांच्याही पाकक्रिया दिल्या आहेत. बाराव्या शतकात राजाच्या ताटात शोभणारे हे पदार्थ पुढे गावकुसाबाहेरील वस्तीची खूण ठरले. हा बदल पदार्थांत झालेला नसून ते कोणत्या नात्याने मिळतात यात झालेला आहे.

वाटणीची रूढी : गावगाड्यात मांसाची वाटणी दोन मार्गांनी होई. पहिला मार्ग जत्रा, नवस व सण यांतील बळीचा. बकरे कापण्याचे काम अनेक गावांत मुलाण्याकडे असे व त्याबद्दल त्याला ठराविक वाटा मिळे. बळीच्या मुंडीला विशेष मान असे आणि ती कोणी घ्यावी यावरून मानकऱ्यांत तंटेही होत. म्हणजे मुंडी हा भाग मानाने मिळाला, तर प्रतिष्ठेचा ठरे. दुसरा मार्ग मृत जनावरांचा. गावात मेलेले गुरे-ढोरे ओढून नेणे हे बहुतेक भागांत महारांचे काम होते आणि त्या जनावरावरील त्यांचा हक्क वतनी कामाचा मोबदला समजला जाई. या कामास नकार देण्याची मुभा मात्र नव्हती. त्यामुळे हा हक्क व वेठ यांत फरक करणे कठीण होते. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत अधिकारपद कायद्याने वतनी सेवेला इंग्रजी अमलातही कायद्याचा आधार राहिला. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला.

पाकक्रिया : या भागांचे मांस चिवट, उग्र वासाचे व लवकर नासणारे असल्याने साफ करण्यावर मोठी मेहनत घ्यावी लागते. वजडी उलटी करून मीठ चोळून गरम पाण्याने वारंवार धुतात, खरवडतात व हळद घालून दीर्घ काळ शिजवितात. मुंडी व पाय जाळावर धरून केस जाळतात व नंतर सुरीने खरवडतात. रक्त मीठ घालून गोठू देतात, उकडतात आणि त्याचे तुकडे कांदा, लसूण व मिरची यांवर परततात. पायांचा रस्सा अशक्त माणसास व बाळंतिणीस देण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. काळीज व रक्त यांत लोह विपुल असते आणि काळजात अ जीवनसत्त्वही पुष्कळ असते. धान्यावरच मुख्यतः गुजराण करणाऱ्या कुटुंबाच्या आहारातील उणीव या भागांमुळे काही अंशी भरून निघे.

तेल, खोबरे व गरम मसाले दुर्मिळ असलेल्या घरांत तिखट, मीठ, लसूण व हळद एवढ्यावर स्वयंपाक होई. रस्सा दाट करण्यासाठी भाजलेल्या धान्याचे पीठ मसाल्यासह वापरतात. मराठवाड्यात त्याला येसर म्हणतात. जनावराची चरबी वितळवून साठवीत व तेलाऐवजी वापरीत. थोडे मांस व पुष्कळ पाणी हे या पाकपद्धतीचे वैशिष्ट्य होय, कारण मोठ्या कुटुंबाला भाकरीबरोबर कालवण पुरविणे हा तिचा पहिला हेतू असतो.

मोठे जनावर मेल्यास मांस एकाच वेळी भरपूर मिळे आणि पुढे कित्येक आठवडे मुळीच मिळत नसे. त्यामुळे ते टिकविणे आवश्यक ठरे. मांसाच्या लांब पातळ पट्ट्या कापून, मीठ लावून दोरीवर उन्हात वाळवीत. कडक वाळलेल्या चान्या मडक्यात भरून ठेवीत व पावसाळ्यात किंवा कामधंदा नसलेल्या दिवसांत निखाऱ्यावर भाजून अथवा पाण्यात शिजवून खात. या चान्या उघड्यावर वाळत असल्याने वस्तीची ओळख दुरूनच पटे आणि तीच पुढे हिणविण्याचे निमित्त होई.

इतर प्राणी : कोकणातील कातकरी भाताच्या कापणीनंतर शेतातील बिळे खणून उंदीर पकडतात. बिळात साठलेले धान्यही त्यांना मिळते. कातकऱ्यांतील सोन व ढोर या पोटभेदांमागे गोमांस न खाणे व खाणे हा भेद सांगितला जातो. म्हणजे खालच्या मानलेल्या जमातींतही अन्नावरून पायऱ्या पडल्या होत्या. ससा, साळिंदर, घोरपड व रानपक्षी यांची शिकार अनेक जमाती करीत. घोरपडीची चरबी सांधेदुखीवर गुणकारी असल्याची समजूत होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशी शिकार गुन्हा ठरली व शिकारीवर जगणाऱ्यांच्या आहारातील हा भाग बेकायदा झाला.

गोव्यातील तुलना : पदार्थाची प्रतिष्ठा त्याच्या घटकांवर अवलंबून नसते, हे शेजारच्या गोव्यातील सोरपोतेल या पदार्थावरून स्पष्ट होते. पोर्तुगालमधील सारापातेल या पदार्थापासून तो आला असून ब्राझीलमध्येही त्याचा एक प्रकार रूढ आहे. डुकराचे मांस, काळीज इ. भाग उकडून बारीक कापतात आणि मसाला व माडाच्या सुरेचा शिर्का घालून शिजवितात. मूळ पद्धतीत रक्तही घालतात. वजडी व रक्ती यांच्याशी जवळचे नाते असलेला हा पदार्थ गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत नाताळ व लग्नसमारंभ यांत अभिमानाने वाढला जातो.

त्यागाची चळवळ : महाराष्ट्रात या अन्नाचा प्रश्न आत्मसन्मानाचा प्रश्न बनला. महाड येथे १९ व २० मार्च १९२७ रोजी भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस व उष्टे अन्न सोडण्याचे आवाहन केले. चवदार तळ्याचा सत्याग्रह याच परिषदेत घडला. मृत मांसात आरोग्याचा धोकाही होता. काळपुळीने मेलेल्या जनावराच्या मांसातून तो रोग माणसास होऊ शकतो. पण त्यागाचे मुख्य कारण सामाजिक होते. हे अन्न स्वीकारणे म्हणजे त्याबरोबर येणारी सक्ती व पायरी स्वीकारणे, अशी ही भूमिका होती. दारिद्र्यात मिळणारे मांस स्वेच्छेने नाकारणे सोपे नव्हते. मृत जनावरे ओढण्यास नकार दिल्याबद्दल काही गावांत बहिष्कारही सोसावा लागला. द अनटचेबल्स (१९४८) या ग्रंथात आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमाचा संबंध गोमांसभक्षणाशी जोडला व तिचा काळ सु. इ. स. ४०० हा मानला. १९५६ मधील धर्मांतरानंतर हा त्याग अधिक दृढ झाला.

नोंद व सद्यःस्थिती : त्यागाबरोबर पाककृती विस्मरणात जाऊ लागल्या. मुद्रित पाकपुस्तकांत त्यांना जवळजवळ स्थान नव्हते. त्यांचे वर्णन प्रथम दलित साहित्यातून पुढे आले. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने २००९ मध्ये दलितांच्या अन्नविषयक आठवणी इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. शाहू पाटोळे यांच्या अन्न हे अपूर्णब्रह्म (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या पाककृती त्यांच्या सामाजिक संदर्भासह आल्या. त्याच वर्षी १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यातील दुरुस्ती अमलात येऊन गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली.

शेळ्या-मेंढ्यांची वजडी, रक्ती व मुंडी मात्र आता खानावळींतही मिळते. कोल्हापूर भागात रक्ती-मुंडी आवडीने खातात. विकत घेतलेल्या या पदार्थाला हीनत्व चिकटत नाही. ज्यांनी ते अन्न सोडले, त्यांनी चव नाकारली नव्हती, तर ते ज्या अटीवर मिळत होते ती अट नाकारली होती.