ध्रुवीय खगोलनिरीक्षण

पृथ्वीच्या ध्रुवांजवळील ठिकाणांहून केलेल्या आकाशाच्या निरीक्षणास ध्रुवीय खगोलनिरीक्षण म्हणतात. दीर्घ रात्रीमुळे एकाच ताऱ्याचे अनेक दिवस सलग निरीक्षण करता येणे, हा त्याचा मुख्य लाभ होय. तो किती मिळेल, हे प्रामुख्याने ठिकाणाच्या अक्षांशावर अवलंबून असते.

सलग निरीक्षणाची गरज

ताऱ्यांच्या तेजस्वितेतील सूक्ष्म कंपनांवरून त्यांच्या अंतर्भागाची माहिती मिळते. पनवेल (सुमारे १९° उत्तर) येथे वर्षातील सर्वांत मोठी रात्रही सुमारे १३ तासांचीच असते. अशा ठिकाणच्या नोंदींत रोज खंड पडतो आणि विश्लेषणात खऱ्या वारंवारतांशेजारी आभासी वारंवारता उमटतात. दिवसा घडणारी परग्रहांची अधिक्रमणेही निसटतात.

अक्षांश आणि अंधार

ध्रुवावर तारे उगवत किंवा मावळत नाहीत. ते क्षितिजाला समांतर फिरतात. त्यामुळे तेथून निम्मेच खगोल दिसते. सूर्य सुमारे सहा महिने क्षितिजाखाली असला, तरी संधिप्रकाशामुळे पूर्ण अंधार सुमारे ८० दिवसच टिकतो.

अंटार्क्टिकाच्या पठारावरील डोम सी (७५° दक्षिण, उंची सुमारे ३,२०० मीटर) येथे २१ जूनला दुपारी सूर्य क्षितिजाखाली सुमारे ८.५° असतो. त्यामुळे दुपारी थोडा संधिप्रकाश राहतो. मात्र तेजस्वी ताऱ्यांचे निरीक्षण शक्य होते. तेथील हवा थंड, कोरडी आणि जमिनीलगतचा थर वगळता अतिशय स्थिर आहे. फ्रान्स व इटली यांचे काँकॉर्डिया स्थानक येथेच आहे.

मर्यादा

जमिनीलगतच्या काही दशक मीटर थरातील हवेची खळबळ, भिंगे व आरशांवर साचणारे हिमकण, ध्रुवीय प्रकाश आणि हिवाळ्यातील दुर्गमता या प्रमुख अडचणी आहेत.

भारतीय संदर्भ

नवीन पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्था अंटार्क्टिकातील मैत्री व भारती या स्थानकांवर भूचुंबकीय नोंदी घेते. मैत्री सुमारे ७०.८° दक्षिण अक्षांशावर आहे. तेथे २१ जूनलाही दुपारी सूर्य क्षितिजाखाली केवळ ४° जातो; त्यामुळे ध्रुवीय रात्र असूनही ताऱ्यांच्या सलग निरीक्षणास हे स्थान अनुकूल नाही. उन्हाळ्यात मात्र सूर्य मावळत नसल्याने आकाश निरभ्र असेल तेव्हा सूर्याचे सलग निरीक्षण करता येते. १९८९-९०च्या उन्हाळ्यात भारतीय शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातून सूर्याच्या वर्णावरणाची अशी निरीक्षणे घेतली.

पर्यायी पद्धती

वेगवेगळ्या रेखांशांवरील दुर्बिणींची साखळी हा दुसरा मार्ग होय. सूर्याच्या कंपनांसाठी १९९५ पासून कार्यरत असलेल्या ‘गाँग’ या सहा केंद्रांच्या जाळ्यात उदयपूरचा समावेश आहे.