तिगावच्या घाटातल्या ठिणग्या

डोळे मिटा. नाकातोंडावर उपरणं धरा, कारण आता डोळे उघडाल ते वाफेच्या इंजिनांच्या काळात. फाल्गुनातली रात्र, तिगावचा फलाट. दगडी कोळशाचा धूर घशात खवखवतोय. शेजारच्या बाईच्या टोपलीतून संत्र्यांचा वास येतोय, मांडीवरचं पोर काही केल्या झोपत नाही. नागपूरकडून आलेली मालगाडी उभी आहे, पुढे चिचोंड्याकडचा घाट आहे. तुम्ही इंजिनाला अगदी खेटून उभे. "मागं सरा जी!" हमाल ओरडतो.

शिट्टी होते. चाकं जागच्या जागी गरगरतात, ड्रायव्हर रुळावर वाळू सोडतो, मग पकड बसते. भक्क! पायाखालची फरशी हादरते. दर भपक्याला वापरलेली वाफ धुराड्यातून सुसाटते, भट्टीतली हवा मागोमाग ओढून नेते, आणि त्या ओढीने कोळशाचे अर्धवट जळलेले कण आभाळात उधळतात. वर बघू नका, डोळ्यात जाईल! बघितलंतच ना? बघण्यासारखंच आहे ते.

एक ठिणगी मनगटावर पडते. नुसतं चुरचुरतं. कण तांबडालाल, म्हणजे कित्येकशे अंश तापलेला. पण राईहून लहान जीव, त्याच्यात उष्णता असून असणार किती? तुमच्या कातडीत ती जिरून जाते. वाळल्या गवताची बारीक काडी मात्र तेवढ्यानेही पेटते. म्हणून तर इंजिनात धुराड्याखाली ठिणग्या अडवायला जाळी असते.

उशिरा मुलताईकडून घाट उतरत गाडी येते. बिडाचे ब्रेक चाकांवर घासतात, कानठळ्या बसतात, तापल्या लोखंडाचा वास नाकात शिरतो. चाकांखालच्या या ठिणग्या निराळ्या, पिवळ्याधमक. इथे कोळशाचा संबंध नाही, इथे लोखंडच जळतंय! घासून सुटलेला कीस आधीच तापलेला असतो, त्याला चहूबाजूंनी हवा मिळते आणि तो पेट घेतो. अख्खं चाक पेटत नाही, कारण घर्षणाची उष्णता त्याच्या जाड अंगात पसरून जाते. कणाला तेवढं अंगच नाही. पोलादाच्या कणात कार्बन बराच असला, तर जळताना त्याचा वायू होतो, कण फुटतो आणि ठिणगीला फांद्या फुटतात. ग्राइंडरवर धरलेलं पोलाद कोणत्या जातीचं, हे त्या फांद्यांवरून सांगणारे कारागीर असतात.

आज या घाटात विजेची इंजिनं धावतात. त्यांच्या डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. इंजिनाच्या टपावरून त्या तारेला टेकणारा सांगाडा, म्हणजे पेंटोग्राफ, तारेपासून जरासा सुटला की निळसर ठिणगी चमकते. ती ना कोळशाची, ना लोखंडाची. तिथे मधल्या हवेतूनच वीज वाहते.