सीमाशुल्क नौकेचे अधिकार
सीमाशुल्क अधिनियम, 1962 च्या कलम 106 नुसार, तस्करीचा संशय घेण्यास सबळ कारण असल्यास अधिकारी भारतीय सीमाशुल्क जलक्षेत्रातील कोणतेही जहाज थांबवून त्याची झडती घेऊ शकतो. चावी दिली नाही तर कुलूप फोडू शकतो. जहाजाला थांबण्याची खूण करणाऱ्या सरकारी नौकेवर तिचा विहित ध्वज फडकत असावा लागतो. ही अट किरकोळ नव्हे: भर समुद्रात चाचे कोण आणि अंमलदार कोण, हे तांडेलाला कळणार ते ध्वजावरूनच. खूण न जुमानल्यास पाठलाग, मग इशाऱ्याचा बार, आणि तरीही जहाज थांबले नाही तर त्यावर गोळीबार, असा कायद्यातला क्रम आहे. 2018 च्या दुरुस्तीने हे जलक्षेत्र 24 वरून 200 सागरी मैलांपर्यंत वाढले. न थांबलेले जहाज कलम 115 खाली सरकारजमा होण्यास पात्र ठरते.