सातबारा आणि नातवाचा प्रोग्राम

परवा नातू वैतागला होता. जावास्क्रिप्टमध्ये म्हणे, प्रोग्राम चालू असतानाच वस्तूला नवा गुणधर्म जोडता येतो! ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली दहा दिवसांत रचली.

मला आमच्या वरसे गावातले सातबारे आठवले. जमीन तीच, पण 'इतर हक्क'मध्ये कुळाचं नाव चढायचं. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी अशी कितीतरी कुळं कायद्याने मालक ठरली. फेरफाराला मात्र नोटीस, हरकत, मंजुरी लागते. जावास्क्रिप्ट काही विचारत नाही. गुणधर्माच्या नावात एक अक्षर चुकलं, की मुकाट्याने दुसराच गुणधर्म तयार, जुना तसाच! नातवाची अख्खी दुपार त्यातच गेली.

"तुमच्यात तलाठी नाही का रे?"

"आहे ना आजोबा, २००९ पासून वस्तू गोठवता येते. मीच गोठवली नव्हती."