अप्रोप्रिएशन : घेणे की नेमून देणे?

मंडळाच्या वार्षिक सभेत खजिनदारांनी हिशेब वाचताना ‘मराठी शाळेसाठी अप्रोप्रिएशन’ असे म्हटले आणि मागच्या रांगेतून प्रश्न आला, “म्हणजे पैसे कोणी खाल्ले?” हशा पिकला. पण घरी आल्यावर आम्ही कोश उघडला, तर दोन्ही अर्थ शेजारी शेजारी! दुसऱ्याचे आपलेसे करणे, आणि ठरावीक कामासाठी रक्कम नेमून देणे.

मूळ शब्द लॅटिन. ‘प्रोप्रिअस’ म्हणजे स्वतःचे. ‘प्रॉपर्टी’ही त्याच कुळातली. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एखादा मठ गावचे चर्च स्वतःकडे जोडून घेई. मग गावकऱ्यांनी दिलेला पिकाचा दशांश बहुतांशी मठाकडे जाई आणि गावच्या धर्मगुरूला थोडासा वाटा उरे. या प्रकाराला अप्रोप्रिएशन म्हणत.

दुसऱ्या अर्थाला धार आली १६६५ साली. राजा दुसरा चार्ल्स डच लोकांशी लढत होता. पार्लमेंटने साडेबारा लाख पौंड मंजूर केले. पण जॉर्ज डाउनिंग यांच्या सूचनेवरून अट घातली, की हा पैसा युद्धावरच खर्च व्हावा. (लंडनच्या डाउनिंग स्ट्रीटला नाव यांचेच.) पैसा राजाच्या हाती, पण मालकी कामाची!

इथे अमेरिकेत १७८७ च्या राज्यघटनेने तेच बजावले : कायद्याने मंजुरी दिल्याखेरीज तिजोरीतून पैसा काढायचा नाही. म्हणूनच १९९५-९६ च्या हिवाळ्यात २१ दिवस आणि २०२५ मध्ये ४३ दिवस अनेक सरकारी कामे बंद पडली. पहिल्या खेपेस व्हिसा-पासपोर्टचे अर्जही अडकले होते. भारताच्या घटनेतही ११४ वे कलम याच कामाचे. तिथला आपला शब्द ‘विनियोजन’. त्यात खाण्याचा वास नाही.

असो. आता थोडे आमच्याविषयी. गेल्या वर्षी गणपतीच्या हॉलचे भाडे कमी पडले, तेव्हा कार्यकारिणीने शाळेच्या पैशांतून ते भागवले. महिन्याभरात रक्कम परत भरली, पण सभासदांना सांगितले नाही. सभेतला तो प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला, हे चुकलेच. यापुढे शाळेच्या पैशाला हात लावायचा तर आधी सभेला विचारू.