हंड्याच्या काठावरचा ठसा : भांडी घडवणाऱ्या हातांचा शोध

दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली, म्हणून ही स्मरणिका आपल्या हाती येत आहे. विणेकरी, चोपदार, कीर्तनकार, पंगती देणारी गावं, मुक्कामाला जागा देणारी घरं, या सगळ्यांची नावं तिच्यात आली आहेत. ती यायलाच हवीत. पण ज्या भांड्यांत वारीचा स्वयंपाक शिजला, ज्या टाळांवर भजन रंगलं, ती घडवणाऱ्याचं नाव आपल्या एकाही वहीत नाही. ते शोधायचं तर वही बाजूला ठेवून भांडंच वाचावं लागतं. ते कसं वाचायचं, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

हे आत्ताच सांगायला कारण आहे. कोठीतली तांब्या-पितळेची जुनी भांडी मोडीत देऊन स्टीलची घ्यावीत, असा विषय निघाला आहे. त्यात चूक काही नाही. भांडी जड आहेत, ट्रकात चढवता-उतरवता माणसं टेकीला येतात, आणि कल्हईवाला आता शोधूनही सापडत नाही. पण भांडं एकदा भट्टीत गेलं की त्याच्यावरची अक्षरंही वितळतात. म्हणून मोडीच्या तागडीत टाकण्याआधी प्रत्येक भांडं एकदा उलटं-सुलटं करून पाहावं.

नाव देणाऱ्याचं, खूण करणाऱ्याची

आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत जुनी. लग्नात, बारशाला, देवाला वाहताना भांडं घेतलं की दुकानातच छिन्नीने ठिपके ठोकून नाव घालून मिळायचं. 'अमक्या गावचे अमके यांजकडून दिंडीस अर्पण' असा मजकूर आपल्या पराती-तपेल्यांवर जागोजाग आहे. 'सौ.' आणि 'गं. भा.' अशी अक्षरंही बरीच दिसतात. ज्या बायांचं नाव सातबाऱ्यावर कधी चढलं नाही, त्यांचं नाव तपेल्यावर मात्र आहे. पण हे नाव देणाऱ्याचं. घडवणाऱ्याची खूण त्याहून लहान, आणि ती असते काठाच्या खाली, गळ्याशी नाहीतर बुडाला. कधी नुसतं फूल, कधी दोन-तीन अक्षरांचा ठसा, कधी दुकानाचं नाव. आतल्या बाजूला कल्हईचे थर चढतात, म्हणून खूण बाहेरूनच शोधावी.

वारकऱ्याला ही गोष्ट नवी नाही. अभंगाच्या शेवटच्या चरणात संताचं नाव येतं, तिला आपण नाममुद्रा म्हणतो. ती अभंगाची खूणच. पण नुसत्या नाममुद्रेवर भागत नाही. संत नामदेवांचा काळ इ. स. १२७० ते १३५०. त्यांच्यानंतर सोळाव्या शतकात विष्णुदास नामा झाले. दोघांची मुद्रा 'नामा', त्यामुळे विष्णुदासांच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या. अभ्यासकांनी त्या वेगळ्या काढायचा प्रयत्न केला तो भाषा पाहून, विषय पाहून आणि जुन्या वह्या ताडून. भांड्याचंही असंच आहे. ठशावरची अक्षरं ही सुरुवात झाली. पुढे धातू, घडण, अक्षराचं वळण आणि गावाची आठवण, हे सगळं एकमेकांशी जुळवून पाहावं लागतं.

भांड्याचं वय

पहिला प्रश्न वयाचा. साल कोरलेलं असेल तर आधी ते शक आहे की संवत, ते पाहावं. शकात ७८ मिळवले किंवा संवतातून ५७ वजा केले की साधारण इसवी सन निघतो. म्हणजे शके १८५० म्हणजे इ. स. १९२८ च्या पाडव्यापासूनचं वर्ष.

साल नसेल तर वजन पाहावं. भांडी वजनावर विकली जात, म्हणून पुष्कळदा वजनाचा आकडा काठाजवळ घातलेला सापडतो. आपल्या देशात किलोग्रॅमची वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. त्यामुळे वजन शेरात असेल तर भांडं बहुतेक त्याआधीचं, फार तर त्या बदलाच्या काळातलं. अक्षर मोडी असेल तर तेही जुनेपण सांगतं, कारण गेल्या शतकाच्या मध्यानंतर मोडी व्यवहारातून उठली. दुकानाच्या ठशात सहा आकडी पिनकोड असेल तर भांडं १९७२ नंतरचं, कारण पिनकोड आला त्या वर्षी. इंग्रजी ठशात 'पूना' असेल तर ते बहुधा १९७८ च्या आधीचं. त्या वर्षी इंग्रजीतलं 'पूना' बदलून 'पुणे' झालं.

विलायतेत हे काम सोपं होतं. लंडनमध्ये चांदीच्या वस्तूवर सालाचं अक्षर ठोकायची पद्धत १४७८ पासून आहे. आपल्याकडे जुन्या भांड्यांना असा कायदा नव्हता. सोन्याच्या दागिन्याचा हॉलमार्क सक्तीचा झाला तोच मुळी २०२१ साली, आणि तोही ठरावीक जिल्ह्यांपासून. म्हणून आपल्याला एकेक खूण जमवत जावं लागतं.

मेणवलीची घंटा आणि भूजचा कारागीर

धातूवरची खूण काय सांगते आणि काय सांगत नाही, हे वाईजवळच्या मेणवलीला दिसतं. नाना फडणीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर एक मोठी घंटा टांगली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे आणि १७०७ हे साल आहे. घंटा चर्चची, हे धातू सांगतो. ती घाटावर कशी आली, ते मात्र धातू सांगत नाही. ते परंपरा सांगते : चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या घंटा आणून देवळांना दिल्या. भीमाशंकरला गेलेल्यांनी तिथलीही अशीच घंटा पाहिली असेल. ठसा आणि आठवण यांची गाठ पडली तरच गोष्ट पुरी होते.

दुसरं उदाहरण लांबचं आहे, कच्छातल्या भूजचं, पण आपल्या कामाला नेमकं उपयोगी पडणारं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे उमरशी मावजी नावाचे चांदीकाम करणारे कारागीर होते. दाट वेलबुट्टी, तिच्यात लपलेले लहान-लहान प्राणी, असं त्यांचं उठावाचं काम. गिऱ्हाइकांत इंग्रज पुष्कळ, म्हणून त्यांनी नावाची आद्याक्षरं इंग्रजीत ठोकली, 'ओ. एम.', आणि काही वस्तूंवर जोडीला 'भूज'. माल दूरदेशी गेला. माणूस मागे राहिला. पुढे अभ्यासकांनी ठसा असलेल्या वस्तू एकत्र मांडल्या, त्यांची नक्षी आणि ठोकणी ताडून पाहिली, आणि दोन अक्षरांमागचा माणूस उभा राहिला. ठसा नसलेली, पण तशाच नक्षीची वस्तू आली तर जाणकार 'त्यांच्या वळणाची' एवढंच म्हणतात. कच्छी नक्षी करणारे हात अनेक होते. हा सावधपणा आपणही ठेवावा.

हाताची ओळख

ठसा झिजला तरी हात झिजत नाही. हाताने घडवलेला जुना हंडा नीट पाहा. तो एका पत्र्याचा नसतो. बूड, पोट, गळा असे भाग वेगळे ठोकून, कडांना दाते पाडून, ते एकमेकांत बसवून जोडलेले असतात. जोडाची ती दातेरी रेघ बोटाला लागते. यंत्रावर फिरवलेल्या भांड्यात तो जोड नसतो, उलट आतून बारीक गोल रेघा दिसतात. मग मठारकाम पाहावं. तांबट भांडं शेवटी हातोडीने मठारतो, त्याने तांब्याला बळकटी येते आणि चकाकीही येते. पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी या कामासाठी पिढ्यान् पिढ्या नावाजलेली आहे. हातोडीच्या खुणा किती जवळ, किती खोल, ओळ सरळ की तिरपी, यात माणसागणिक फरक पडतो, जसा मृदंगावरच्या हातात पडतो.

टाळाचंही तसंच. कासं म्हणजे तांबं आणि कथील. ठोकीव काशात साधारण अठ्ठ्याहत्तर भाग तांबं आणि बावीस भाग कथील असतं. हा धातू थंड असताना ठोकला तर तडकतो, म्हणून लाल तापवूनच ठोकावा लागतो. टाळ ओतीवही असतात, पण ठोकीव काशाचा नाद जाणता टाळकरी डोळे मिटून ओळखतो.

डोळे मिटून ओळखण्यावरून नरहरी महाराज सोनारांची कथा आठवल्याशिवाय राहत नाही. विठ्ठलाचा करगोटा मापाला बसेना, कधी आखूड तर कधी लांब. तेव्हा शिवभक्त नरहरी डोळ्यांवर पट्टी बांधून राउळात गेले. हात लावला तर शंकर, पट्टी काढली तर विठ्ठल. हरिहर एकच, हा बोध त्या सोनाराला झाला तो माप घेणाऱ्या बोटांतून. गोरोबाकाका मडकी घडवत होते, सावतोबा मळा पिकवत होते. ज्या संप्रदायाने कामालाच भक्ती मानलं, त्याच्या वहीत तांबटाला एक ओळ मिळू नये, हे बरं दिसत नाही.

आपला हंडा

आपल्या कोठीतला सगळ्यांत मोठा हंडा आता या रीतीने वाचू. पोटावर ठिपक्यांचं दात्याचं नाव आहे. गळ्याशी वजन आहे, शेरात. जोड दातेरी. काठाखाली एक कमळ आणि त्याच्याखाली दोन अक्षरं, 'रा. ता.' दानाच्या मजकुरात 'ता.' म्हणजे तालुका किंवा तारीख. इथे मात्र पुढे ना गाव आहे ना आकडा, म्हणून ते 'तांबट' असण्याचा संभव जास्त. हेच कमळ दोन परातींवरही आहे, आणि तिन्ही भांड्यांचे दाते तीन वेगळ्या गावचे आहेत. ती तीन गावं ज्या एका बाजाराला जात, तिथेच या कारागिराचा माल विकला जात असणार. मेट्रिक वजनं येण्याआधीचा, आपल्याच बाजारपेठेचा, कमळाचा ठसा वापरणारा एक तांबट, इथवर आपण नुसतं भांडं पाहून येऊन पोचलो. पुढचा दुवा तुमच्या माळ्यावर असू शकतो.

म्हणून विनंती अशी. घरातलं जुनं भांडं काढा. चिंच-राखेने किंवा ॲसिडने घासू नका, ठसा पुसट होतो. खुणेवर थोडं कोरडं पीठ चोळा आणि वरचं हलक्या हाताने पुसा, खाचेत पीठ राहून अक्षर उठून दिसेल. नाहीतर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवा. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मोबाईलवर फोटो काढला तरी चालेल. सोबत गाव, कुणी दिलं, कुठल्या बाजारातून आणलं, ते घरातल्या थोरामोठ्यांना विचारून लिहा. ही माहिती जमा करायला कोठीत एक वेगळी वही ठेवावी. मोडीत द्यायची भांडी खुशाल द्यावीत, पण खूण उतरवून घेतल्यावर. आणि तो हंडा व त्या दोन पराती तेवढ्या राखाव्यात. एकादशीच्या फराळाला तो हंडा चुलीवर चढला नाही, तरी पाणी भरून मुक्कामाच्या दारात ठेवता येईल. तहानलेल्या वारकऱ्याच्या ओंजळीत त्या तांबटाची सेवा अजून पडत राहील.

रामकृष्ण हरी!