रोम दाखवणारे

युरोपातल्या बहुतेक राजधान्यांत आज दोन-तीन तासांसाठी खासगी गाईड ठरवता येतो. एखादं कुटुंब किंवा दोघं-तिघं मित्र, बरोबर शहर जाणणारा एक माणूस, आणि सगळा फेरफटका पायी. अभ्यासू मंडळी या प्रकाराकडे जरा तुच्छतेनंच पाहतात. शहर समजून घ्यायचं तर पुस्तकं वाचावीत, महिनाभर मुक्काम करावा. तीन तासांत पदरात काय पडणार, तर चार आख्यायिका आणि दहा फोटो, असं त्यांचं म्हणणं. रोमपुरतं तरी हे म्हणणं इतिहासाला धरून नाही. रोमविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं बरंच काही अशा पायी फेऱ्यांतून हाती आलेलं आहे. जाणणारा आणि विचारणारा एकाच दगडापुढे उभे राहिले आणि ऐकलेली गोष्ट तिथल्या तिथे त्या दगडाशी ताडून पाहता आली. माझ्या मते अशा फेरीचं मोल तिच्या लांबीवरून किंवा गाईडच्या पदव्यांवरून ठरवू नये. गाईडचं म्हणणं खोडून काढायला समोरच्या जागेला वाव मिळतो का, एवढंच पाहावं.

ही रीत किती जुनी आहे, हे आधी बघू. स्वित्झर्लंडमधल्या आइनझीडेल्नच्या मठात नवव्या शतकातलं एक हस्तलिखित जपलेलं आहे. त्यात रोममधून जाणाऱ्या वाटा दिल्या आहेत आणि त्यांची मांडणी मोठी बोलकी आहे: चालणाऱ्याच्या डाव्या हाताला काय लागेल याची एक यादी, उजव्या हाताला काय लागेल याची दुसरी. चर्च, कमानी, जुनी स्नानगृहं, सगळं वाटेत येईल त्या क्रमानं. वर्णन जवळजवळ नाहीच. घरी बसून वाचणाऱ्याला या याद्यांचा काडीचा उपयोग नाही. त्या पायांसाठीच केलेल्या आहेत. पुढे ११४० च्या सुमारास ‘मिराबिलिया’ नावाची पोथी तयार झाली. तिच्यात याद्यांच्या जोडीला गोष्टी आल्या, आणि या गोष्टींनी पुढची काही शतकं यात्रेकरूंना भुरळ घातली. १३०० साली पोप बोनिफेस आठवा यानं पहिलं जुबिली वर्ष जाहीर केलं. पापक्षालनासाठी रोमकरांनी ३० दिवस आणि परगावच्यांनी १५ दिवस संत पीटर आणि संत पॉल यांच्या बॅसिलिकांना जायचं, अशी त्याची अट होती. पंधरा दिवस परक्या शहरात रोज पायपीट करणारी हजारो माणसं जिथे येतात, तिथे वाट दाखवणारे आणि गोष्टी सांगणारे आपोआप उभे राहतात.

आणि ते थापा मारतात. गाईडांवरचा हा पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप, आणि तो खरा आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस किंवा तेराव्याच्या सुरुवातीला मास्टर ग्रेगोरियस नावाचा एक इंग्रज विद्वान रोमला येऊन गेला. त्यानं लिहिलेल्या वृत्तांतात यात्रेकरूंच्या पोकळ गोष्टींवर राग आहे. लॅटरन राजवाड्यापुढे तेव्हा ब्राँझचा एक घोडेस्वार उभा होता. ग्रेगोरियस नोंदवतो की यात्रेकरू त्याला थिओडोरिक म्हणतात, रोमची जनता कॉन्स्टंटाइन म्हणते, आणि पोपच्या दरबारातले कार्डिनल आणि कारकून मार्कस किंवा क्विंटस क्विरिनस म्हणतात. तिन्ही उत्तरं चुकली होती, विद्वानांचंही. तो स्वार सम्राट मार्कस ऑरेलियस आहे, हे पुढे ठरलं. १५३८ साली तो पुतळा कॅपिटोलिन टेकडीवरच्या चौकात नेला गेला आणि मूळ पुतळा आज तिथल्याच संग्रहालयात आहे. पण ग्रेगोरियसनं जे केलं त्याला मी फार मोठं मानतो. एकाच पुतळ्यापुढे उभं राहून त्यानं तिघांची तीन उत्तरं शेजारी-शेजारी लिहून ठेवली. इतिहासाच्या चिकित्सेची सुरुवात अशीच होते, आणि ती इथे रस्त्यावर झाली.

उलट चूक कशी टिकते, तेही पाहण्यासारखं आहे. सान पाओलोच्या वेशीला लागून संगमरवरी पिरॅमिड आहे, सुमारे ३६ मीटर उंच. रोमुलसचा भाऊ रेमस याची ही समाधी, असं मध्ययुगात सगळे सांगत. कवी पेत्रार्क १३४१ साली आपला मित्र फ्रा जोव्हान्नी कोलोन्ना याच्याबरोबर रोमभर हिंडला. फिरून दमले की दोघं डायोक्लेशियनच्या स्नानगृहाच्या छतावर चढून बसत आणि जुन्या काळाबद्दल बोलत. रोमची ओळख रोममध्येच सर्वांत कमी आहे, अशी तक्रार त्यानंच केली आहे. तरीही पिरॅमिडच्या बाबतीत त्यानं लोकांचीच गोष्ट उचलली. पुढच्या शतकात विद्वान पोज्जो ब्राच्चोलिनी त्याच जागी जाऊन उभा राहिला आणि त्यानं नवल केलं: दगडावर लेख कोरलेला आहे, तो वाचता येतो, मग पेत्रार्कसारख्या माणसानं झुडपं बाजूला सारून तो का पाहिला नाही? लेखात सरळ नाव आहे, गायस सेस्टियस. मृत्युपत्रानुसार हे काम ३३० दिवसांत पुरं केल्याचंही त्यात लिहिलेलं आहे. व्हॅटिकनमधल्या ओबेलिस्कचंही तसंच. त्याच्या टोकावरच्या धातूच्या गोळ्यात ज्यूलियस सीझरची राख आहे, असं ‘मिराबिलिया’ सांगते. १५८६ साली वास्तुकार दोमेनिको फोंताना यानं सुमारे ९०० माणसं लावून तो ओबेलिस्क हलवला, गोळा खाली उतरवून तपासला, आणि त्यात कुणाचीही राख निघाली नाही. थाप पुस्तकातही होती आणि गाईडच्या तोंडीही होती. ती उघडी पडली ती कुणीतरी जागेवर जाऊन हात लावला तेव्हा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: माणूस वाचून स्वतःच फिरू शकत असेल तर गाईड हवाच कशाला? या बाजूचा सर्वांत मोठा साक्षीदार फ्रेंच निबंधकार माँतेन. १५८० च्या नोव्हेंबरात तो रोमला पोचला, एक फ्रेंच गाईड ठेवला, आणि तो गाईड काहीतरी लहर येऊन सोडून गेला. मग माँतेननं रात्री नकाशे आणि पुस्तकं वाचून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी जागेवर जाऊन पडताळायची, असा क्रम धरला. थोड्याच दिवसांत तो आपल्या गाईडलाच रोम दाखवू शकला असता, असं त्याच्या प्रवासाच्या रोजनिशीत म्हटलं आहे. एकोणिसाव्या शतकात बेडेकरच्या लाल प्रवास-पुस्तकांनी हाच विचार घरोघर नेला. प्रवाशाला गाईडांवर विसंबावं लागू नये, हा हेतू ती प्रस्तावनेतच जाहीर करत. बेडेकरनं अडाणी आणि लुबाड्या वाटाड्यांपासून लाखोंची सुटका केली, हे उपकार मोठे आहेत. पण माँतेनचं उदाहरण नीट वाचलं तर ते गाईडविरोधी ठरत नाही. त्यानं गाईडचं काम सोडलं नाही, स्वतःकडे घेतलं. दिवसा जाऊन पडताळणं त्यालाही चुकलं नाही. शिवाय त्याच्या हाताशी होता तसा वेळ, तसं लॅटिन आणि तशी बुद्धी किती जणांकडे असते? उरलेल्यांना कुणाला तरी विचारावंच लागतं. पुस्तकाची अडचण हीच आहे की त्याला मध्येच थांबवून ‘हे तुम्हाला कशावरून कळलं?’ असं विचारता येत नाही.

अठराव्या शतकात या धंद्याला रोममध्ये जी उंची आली, ती पुन्हा क्वचितच आली असेल. श्रीमंत इंग्रज तरुण शिक्षण पुरं करायला इटलीत येत आणि त्यांना रोम दाखवणारा ‘सिसेरोने’ हा अनेकदा स्वतः नामांकित पंडित असे. कलेच्या इतिहासाचा पाया घालणारा योहान योआखिम विंकेलमान १७५५ साली रोमला आला, १७६३ पासून पोपच्या राज्यातल्या प्राचीन अवशेषांचा प्रमुख अधिकारी होता, आणि आन्हाल्ट-डेसाऊच्या राजपुत्रासारख्या पाहुण्यांना तोच हिंडवत असे. स्कॉटलंडचा जेम्स बायर्स हा त्यांच्यातला आणखी एक. १७६४ च्या ऑक्टोबरात इतिहासकार एडवर्ड गिबन रोमला आला तेव्हा त्याला शहर दाखवलं ते बायर्सनं, तब्बल १८ आठवडे, रोज. इतक्या दिवसांच्या श्रमानं लक्ष कधीकधी थकून जाई, असं गिबननं आत्मचरित्रात प्रामाणिकपणे नमूद केलं आहे. त्याच आत्मचरित्रात तो सांगतो की १५ ऑक्टोबरला कॅपिटोलच्या अवशेषांत बसलेला असताना, अनवाणी भिक्षूंची सायंप्रार्थना कानावर येत असताना, शहराच्या ऱ्हासाचा इतिहास लिहावा असं त्याच्या मनात प्रथम आलं. हा प्रसंग त्यानं बऱ्याच वर्षांनी लिहिला, तेव्हा तारखेवर फार भार टाकू नये. पण एक गोष्ट पक्की आहे: सुरुवातीचा बेत साम्राज्याचा नव्हता, शहराचा होता. १७७६ साली त्याच्या रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाच्या इतिहासाचा पहिला खंड आला, १७८८ मध्ये ग्रंथ पुरा झाला, आणि त्याचं शेवटचं, एकाहत्तरावं प्रकरण पुन्हा त्याच कॅपिटोलिन टेकडीवर सुरू होतं. तिथे पोज्जो एका मित्राबरोबर टेकडी चढून खालचे भग्नावशेष न्याहाळतो आहे. तेराशे वर्षांचा इतिहास लिहून झाल्यावर गिबनला समारोपासाठी दोन मित्रांची पायी फेरीच हवीशी वाटली. गाईडबरोबर फिरण्यानं विचार पातळ होतो असं मानणाऱ्यांनी या ग्रंथाचं काय करायचं ते सांगावं.

मात्र याच बायर्सच्या चरित्रात गाईडांविरुद्धचा सर्वांत गंभीर पुरावाही आहे. तो जुन्या वस्तूंचा व्यापारीही होता. आज ‘पोर्टलंड व्हाज’ म्हणून ब्रिटिश म्युझियममध्ये असलेलं रोमन काचेचं पात्र त्यानं बार्बेरिनी घराण्याकडून घेऊन सर विल्यम हॅमिल्टन यांना विकलं. चित्रकार पूसाँची ‘सात संस्कार’ ही चित्रमालिका रोममधल्या एका घराण्याकडे होती आणि ती देशाबाहेर न्यायला मनाई होती. बायर्सनं एकेका चित्राची नक्कल करवून घेतली, ती भिंतीवर लावली, आणि मूळ चित्रं १७८५ च्या सुमारास गुपचूप इंग्लंडला, रटलंडच्या ड्यूककडे, रवाना केली. बोटानं वस्तू दाखवणारा आणि हातानं ती विकणारा माणूस एकच होता. याचं समर्थन करता येत नाही आणि करूही नये. रोमचं त्यातून कायमचं नुकसान झालं. पण दोष फिरवण्यात नव्हता, फिरवण्याच्या आडून चाललेल्या दलालीत होता. इटलीनं १९३१ च्या कायद्यानं गाईडला परवाना सक्तीचा केला, २०२३ च्या कायद्यानं देशभर एकच परीक्षा आणली. फक्त चालण्याचे आणि सांगण्याचे पैसे घेणारा आजचा परवानाधारक गाईड या बाबतीत अठराव्या शतकातल्या त्या पंडितांपेक्षा स्वच्छ आहे, आणि हे मोकळेपणानं मान्य करायला हवं.

राहिला वेळेचा मुद्दा. थोडक्यात रोम उरकणं ही आजच्या धावपळीची देन आहे, असं समजलं जातं. पण परदेशी पाहुण्याला तीन दिवसांत रोमचे प्राचीन अवशेष दाखवणारी छोटेखानी छापील मार्गदर्शिका सोळाव्या शतकाच्या मध्यालाच निघाली होती, आणि जुझेप्पे वाझी यानं १७६३ साली आठ दिवसांच्या आठ फेऱ्या आखून दिल्या. गिबनचे १८ आठवडे हा अपवाद होता, तोही धनिकांचा. खुद्द शहरानंच थोड्या वेळात दिसावं म्हणून आपलं रूप बदललं. संत फिलिप नेरी यांनी १५५० च्या दशकात सात चर्चची सुमारे २० किलोमीटरची पदयात्रा रूढ केली, आणि पोप सिक्स्टस पाचवा यानं १५८५ ते १५९० या पाच वर्षांत मोठ्या चर्चना जोडणारे सरळ रस्ते काढून नाक्यांवर ओबेलिस्क उभे केले, म्हणजे चालणाऱ्याला पुढचा मुक्काम लांबूनच दिसावा. हा सोयीचा भाग. पण सोयीच्या वाटेनं शहर बोलतं तसं ते गप्पही केलं जातं. १९३२ साली मुसोलिनीनं व्हेनेत्सिया चौकापासून कोलोसियमपर्यंत रुंद रस्ता काढला, त्यासाठी आलेस्सान्द्रिनो ही सोळाव्या शतकातली वस्ती जवळजवळ पुरी पाडली आणि हजारो रहिवाशांना शहराच्या कडेला पाठवलं. त्या रस्त्यावरून कोलोसियम झकास दिसतं. प्राचीन रोम आणि आपण यांच्यामध्ये कधी काही नव्हतंच, असा भास तो रस्ता मुद्दाम निर्माण करतो. इथे फोटोसाठी थांबून पुढे जाणारा गाईड मुसोलिनीनं आखलेलीच फेरी घडवत असतो. पायाखाली कुणाची घरं होती हे सांगणारा त्या रस्त्याला उलटतपासणीला उभं करतो. दोघांना वेळ सारखाच लागतो.

म्हणून खासगी फेरीचा आग्रह. कानात यंत्र लावलेल्या चाळीस जणांच्या जथ्यात कुणी प्रश्न विचारत नाही आणि गाईडला वाट सोडता येत नाही. दोघं-चौघं असतील तर त्रेव्हीच्या कारंज्यापुढची गर्दी टाळून विया दी ग्रोत्ता पिंता या गल्लीत शिरता येतं. तिथली घरं कमानीसारखी वाकलेली आहेत, कारण ती इसवीसनपूर्व ५५ मधल्या पॉम्पेच्या नाट्यगृहाच्या प्रेक्षागाराच्या पायावर चढलेली आहेत. नाट्यगृह गेलं, त्याची गोलाई दोन हजार वर्षांनंतरही घरमालकांना सोडवत नाही. तिथून दहा-पंधरा मिनिटांवर सांता मारिया सोप्रा मिनेर्व्हा हे चर्च आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर टायबर नदीच्या पुरांच्या खुणा एकीवर एक बसवलेल्या आहेत: १४२२, १५३०, १५५७, आणि सर्वांत वर, माणसाच्या डोक्याच्याही वर, १५९८. डिसेंबर १८७० चीही खूण तिथे आहे. रोम इटलीत सामील होऊन जेमतेम तीन महिने झाले होते, आणि त्या पुरानंतर नव्या सरकारनं नदीला दोन्ही बाजूंनी उंच भिंती घातल्या. पाहुण्यानं त्या खुणांखाली उभं राहून नदी इथून किती लांब आहे असं विचारावं, आणि गाईडनं त्याला तेवढं अंतर चालवत न्यावं. तीन तासांत एवढं सहज बसतं.